पावसावर पहारा ठेवणारा माणूस

रांजणगावात राहणाऱ्याला खलनायकाची गोष्ट नवीन नसते. आमच्या महागणपतीची कथाच त्रिपुरासुरापासून सुरू होते. त्याला वर मिळाला, तीन पुरं मिळाली, मग तो कोणाला जुमानेना. लहानपणी ही गोष्ट ऐकताना असुर असा का झाला, हे आम्ही कधी विचारलं नाही. असुर म्हणजे वाईट, विषय संपला.

आताची पोरं मात्र विचारतात. एमआयडीसीमुळे आमच्या गल्लीत खोल्या करून राहणारी बीड, लातूर, वाशीमकडची, बिहारची पुष्कळ पोरं आहेत. सेकंड शिफ्ट सुटली की जेवणं उरकून मोबाईलवर ॲनिमे बघत बसतात. त्यातल्या एकाने मला 'नारुतो' बघायला लावलं. मासाशी किशिमोतो या जपानी चित्रकाराची ही मालिका १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षं साप्ताहिकात चालली, तिच्यावरून हे ॲनिमे झालं. त्यात नागातो नावाचा खलनायक आहे, अख्खं गाव उद्ध्वस्त करणारा. पोरगा मला म्हणाला, "काका, तो वाईट नाही हो. त्याला कोणावर भरवसाच ठेवता येत नाही, एवढंच."

हे "एवढंच" माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहितोय.

आधी गोष्ट थोडक्यात. मोठ्या राज्यांच्या लढायांत भरडलं गेलेलं, कायम पाऊस पडणारं एक गाव. तिथली तीन अनाथ मुलं, याहिको, कोनान आणि नागातो, शांततेसाठी संघटना काढतात. गावचा कारभारी हांझो स्वतः मोठा योद्धा. पण लोक या पोरांच्या मागे जाताना दिसले आणि त्याला खुर्चीची भीती वाटली. बाहेरच्या बलाढ्य गावातल्या दांझो नावाच्या कारस्थानी माणसाशी त्याने हातमिळवणी केली. वाटाघाटीला म्हणून पोरांना बोलावलं, कोनानला ओलीस धरलं आणि नागातोला सांगितलं, याहिकोला मार, तरच ही सुटेल. याहिकोने स्वतःच नागातोच्या हातातल्या शस्त्रावर झेप घेतली.

इथून पुढचा नागातो म्हणजे हांझोचीच पुढची आवृत्ती. तो हांझोला मारतो, त्याचे नातेवाईक, त्याचे समर्थक, कोणालाच सोडत नाही. मग उंच मनोऱ्यावरून राज्य करतो. गावाने त्याला पाहिलेलंच नाही. गावात कोण परका शिरला ते कळावं म्हणून तो पाऊससुद्धा पहाऱ्याला लावतो. त्याच्या वतीने सहा जण लढतात आणि ते सहाही मुडदे, ज्यांना तो स्वतःच्या शक्तीने चालवतो. त्यांचे डोळे म्हणजे त्याचेच डोळे. सहा जणांचं मंत्रिमंडळ आणि सहाही जागी तोच! खरा नागातो मात्र एका यंत्रात जखडलेला, हाडांचा सापळा झालेला. जवळ फक्त कोनान. त्याची शांततेची योजनाही तशीच: असं भयंकर अस्त्र बनवायचं की जग घाबरून गप्प बसेल. माणसं एकमेकांवर विश्वास ठेवतील, हा पर्याय त्याच्या हिशोबातच नाही.

हे बघताना मला सारखा दुसरा बाजीराव आठवत होता. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्याचा ठपका बाजीरावाच्या वडिलांवर, रघुनाथरावावर आला. बाजीराव जन्मला १७७५ मध्ये. वयात आला तो नाना फडणविसांच्या नजरकैदेत, शेवटी शिवनेरीवर. ज्याला लहानपणापासून पहाराच दिसला, तो माणसं कशी ओळखायला शिकणार? १७९६ च्या डिसेंबरात गादी मिळाली आणि वर्षभरातच, १७९७ सरताना, त्याने शिंद्यांच्या हातून नानांनाच कैद करवलं. १८०१ मध्ये विठोजी होळकराला पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. त्याचा भाऊ यशवंतराव चालून आला आणि २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला पेशव्याची बाजू हरली. बाजीराव पळाला तो थेट इंग्रजांच्या आश्रयाला. ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह झाला. सहा हजारांची पायदळ फौज कायम पदरी ठेवायची आणि तिच्या खर्चाला २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा.

त्या फौजेचा तळ पडला आपल्या शिरूरला, घोडनदीच्या काठी. रांजणगावापासून वीसेक किलोमीटरवर. पुढे ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री याच तळावरून एक तुकडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाला पेशव्याच्याच सैन्याशी लढली. पेशवाईने ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं, ते महार शिपाई त्या तुकडीत होते. आपल्याच रयतेला जवळ येऊ न देणाऱ्या राज्याचं दुसरं काय होणार? सहा महिन्यांत बाजीराव शरण गेला. वर्षाला आठ लाखांचं पेन्शन घेऊन बिठूरला राहिला, १८५१ मध्ये तिथेच वारला. राखणीला आणलेली फौज पंधरा वर्षांत घराची मालक झाली.

कोणी म्हणेल, राजकारणात विश्वास ठेवायचा म्हणजे भोळेपणा. मला तसं वाटत नाही. नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांचं एकमेकांवर काही प्रेम नव्हतं, संशय भरपूर होता. तरी रघुनाथराव इंग्रजांना घेऊन आला तेव्हा बारभाईंच्या कारभारात दोघांनी कामं वाटून घेतली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना नमवलं. विश्वास म्हणजे गळ्यात गळा घालणं नव्हे. दुसऱ्याच्या हातात काम सोपवायचं आणि त्याने ते करेपर्यंत दम धरायचा, एवढाच विश्वास राज्याला पुरतो.

आता आजचं बघा. नोव्हेंबर २०१९ मध्ये आमदार मुंबईतल्या हॉटेलांत सांभाळून ठेवले होते. जून २०२२ मध्ये आमदार सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. पक्ष वेगळे, बाजू वेगळ्या, पण माणसं कोंडून ठेवायची रीत तीच. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे, तरी ही पाळी. खाली गावपातळीवर वेगळं काय आहे? उपसरपंचाची निवड किंवा अविश्वास ठराव आला की सदस्य "सहलीला" जातात. मोबाईल काढून घेतात, बरोबर दोन माणसं देतात. ज्यांना आपण गावाचा कारभार बघायला निवडून दिलं, त्यांना चार दिवस स्वतःचा फोनही वापरता येत नाही. आणि परत आल्यावर तेच सदस्य गावच्या पाण्याचा, कचऱ्याचा निर्णय मोकळेपणाने घेतील, अशी आपली अपेक्षा!

आमच्या खोल्यांवरच्या पोरांचंही हेच. काम कंपनीचं, पण नोकरी ठेकेदाराची. काही महिन्यांनी ब्रेक, मग पुन्हा नवीन म्हणून भरती. गेटवर येता-जाता झडती. मग साहेब लोक विचारतात, या पोरांना कामाबद्दल आपुलकी का नाही? आपुलकी वाटावी एवढा काळ त्यांना ठेवलंय कोणी?

त्या पोराचं "एवढंच" मला म्हणून पटत नाही. अविश्वास ही छोटी गोष्ट नाही, आणि ती एका माणसापुरती राहतही नाही. हांझोकडून ती नागातोकडे आली, नानांच्या पहाऱ्यातून बाजीरावाकडे. ज्याला कोंडलं, तो सुटल्यावर दुसऱ्याला कोंडतो.

नागातोची साखळी तुटते ती नारुतोमुळे. नागातोने त्याच्या गुरूला मारलंय, गाव पाडलंय. तरी जिंकल्यावर नारुतो एकटा त्याच्यासमोर जातो, हात न उचलता त्याचं सगळं ऐकून घेतो. मग नागातो स्वतःचा जीव देऊन त्या गावातल्या मेलेल्यांना परत उठवतो. ही झाली गोष्ट. पण त्यातला क्रम खरा आहे: ज्याचा हात वर आहे, पहिलं पाऊल त्याने टाकायचं. हरलेल्याकडून, ठेक्यावरच्या पोराकडून आधी निष्ठा मागायची नसते.

तेव्हा पुढच्या निवडीला सहलीची गाडी भरू नका. सदस्यांचे मोबाईल त्यांच्या खिशात राहू द्या आणि त्यांना रात्री आपापल्या घरी झोपू द्या. एखादं मत फुटलंच तर फुटू दे. वसईच्या तहापेक्षा ते स्वस्तच पडेल.