मोजणीबाहेरचे हात

गहू भिजत पडला की आमच्या घरात नवं वर्ष सुरू होतं. तिश्री महिन्याची पहिली तारीख त्यानंतर येते. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, मग गहू वाटायचा, फडक्यातून चीक काढायचा आणि रात्रभर निवळू द्यायचा. सकाळी वरचं पाणी ओतून टाकलं की तळाशी पांढरा साका राहतो. त्यात नारळाचं दूध, साखर आणि चिमूटभर मीठ घालून जाड बुडाच्या पातेल्यात ढवळत राहायचं. हात थांबला की हलवा खाली लागला. गोळा कडा सोडू लागला की ताटात ओतायचा, वर बदाम-पिस्ते पेरायचे, गार झाल्यावर वड्या पाडायच्या. रोश हाशानाला, म्हणजे या नव्या वर्षाच्या सणाला, बेने इस्राएली ज्यू घरात हा चिकाचा हलवा हवाच. गाईम्हशीचं दूध त्यात नसतं, कारण आमच्यात मटणाच्या जेवणावर दुधाचं काही चालत नाही. नारळाच्या दुधाला ती आडकाठी नाही.

मला हा हलवा आठवतो तो भाटघरपासून. वडील पाटबंधारे खात्यात होते, आम्ही धरणाच्या वसाहतीत राहायचो. आसपास आमच्या धर्माचं दुसरं घर नव्हतं. तुम्ही नक्की कोण, असं कुणी विचारलं की वडील सांगायचे, ‘अलिबागकडचे शनवार तेली.’ मग नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं जहाज, वाचलेली सात जोडपी, तेलाचे घाणे आणि शनिवारी घाणा न जुंपणारे आमचे पूर्वज, ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली गोष्ट व्हायची. ऐकणाऱ्याचा चहा संपायचा, गोष्ट उरायची.

सणाला पुण्याला जावं, रास्ता पेठेतल्या सुक्कथ शेलोमो सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला बसावं, असं वडिलांना फार वाटे. पण सण येतो ऐन सप्टेंबरात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला. धरण काठोकाठ भरलेलं, नीरेत विसर्ग चालू, रजा मिळायची नाही. मग घरातच प्रार्थना. आमच्याकडे हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या त्या जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारख्या माणसांनी, एकोणिसाव्या शतकात. त्यामुळे आईलाही अर्थ कळायचा. मात्र काही पानं वडील न वाचता उलटायचे. कद्दिशची प्रार्थना एकट्यानं म्हणता येत नाही, तोराचं जाहीर वाचन होत नाही. त्याला मिनियान लागतं, म्हणजे तेरा वर्षांवरचे दहा पुरुष.

स्वयंपाकघरात असा आकडा नव्हता. आईचा हात भरून आला की शेजारच्या काकू कालथा घ्यायच्या, त्यांच्यानंतर वेल्ह्याकडची एक मावशी. नारळ आजोळाहून यायचे, महाडवरून वरंधा घाट चढून एसटीनं. दरड कोसळून घाट बंद पडला की आईचा जीव वर-खाली. किती तरी वर्षी आमचा सण आणि घटस्थापना एकत्रच यायची. काकू घटाच्या मातीत गहू पेरून यायच्या आणि आमच्याकडे गव्हाचाच चीक ढवळायला बसायच्या. यात योगायोग थोडाच आहे. आमचे महिनेही चंद्रावर चालतात आणि आम्हीही अधिक महिना घेतो, एकोणीस वर्षांत सात. म्हणून २०२२ साली २६ सप्टेंबरला आणि २०२४ साली ३ ऑक्टोबरला रोश हाशाना आणि घटस्थापना एकाच दिवशी आल्या. अधिक महिन्यांचा मेळ चुकला की आमचं वर्ष गणपतीच्या आगेमागे लागतं, २०२३ सारखं.

पूर्वी कोकणात याला नव्याचा सण म्हणत आणि त्यामागून खिरीचा सण येई. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी बेने इस्राएलांच्या इतिहासात हे सगळं नोंदवून ठेवलंय. खिरीला नवं धान्य हवं. पण तेव्हा भोर-वेल्ह्यातला भात जेमतेम निसवलेला असायचा. मावशी तिच्या घरचा गेल्या सालचा आंबेमोहोर आणून द्यायची. आई म्हणायची, देवाला तांदळाचं वय कळतं, पण तो बोलत नाही.

भाऊ तेरा वर्षांचा झाला त्या साली रजा मिळाली. पुण्यात वडिलांनी त्याला पुढे बसवलं. कुणी तरी माणसं मोजली आणि भाऊ मोजला गेला. मी त्याच्याहून मोठी. मला कुणी मोजलं नाही, मोजणारही नव्हतं. शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकला तेव्हा मी बायकांच्या बाजूला उभी होते. शेवटी हातबोशी करत, म्हणजे हातात हात देत, एकेक जण पुढे येत गेला, त्यात एका म्हाताऱ्या बाईंनी माझे हात हातात घेतले आणि तिथेच विचारलं, ‘चीक काढता येतो?’

लग्नानंतर मी रास्ता पेठेजवळच आले. हा प्रश्न विचारणाऱ्या बाईंच्याच घरी सणाआधी हलवा व्हायचा, मोठाल्या पातेल्यांत. सिनेगॉगच्या कामात मी ओढली गेले ती त्या चुलीपाशी. किद्दुशच्या सरबतासाठी काळ्या मनुका कोण भिजवणार, कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुणाकडे डबा जायला हवा, ही सगळी व्यवस्था तिथे ठरे. आणि पुरुष कमी पडतायत असं कळलं की फोनही तिथूनच जात. कुणाचा नवरा, कुणाचा कॉलेजातला मुलगा, मुंबईहून आलेला कुणाचा दीर. दहावा माणूस बहुतेक वेळा कुठल्या तरी बाईनं उठवून पाठवलेला असे.

मग घरं रिकामी होत गेली. स्वातंत्र्याच्या सुमाराला वीसेक हजार असलेला समाज आता इथे चार-पाच हजारांवर आलाय. लोद, अश्दोद, दिमोना ही इस्राएलमधली नावं आम्हाला वाई-साताऱ्याइतकी जवळची झाली. भाऊही गेला. तिकडे त्याला दहा माणसांची वाण नाही, त्याची बायको चायना ग्रास घालून झटपट हलवा करते आणि तो फोनवर तक्रार करतो. २०१६ साली महाराष्ट्र सरकारनं आम्हाला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तेव्हा भावाला सांगितलं, तर म्हणाला, कागदावर मोजले गेलात हे बरं झालं.

बायकांना मिनियानमध्ये धरावं का, यावर आमच्यात मतभेद आहेत. मुंबईत १९२५ साली सुधारणावादी ज्यू रिलिजस युनियन उभी करणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड या बेने इस्राएलच होत्या, त्यामुळे हे वारं काही परदेशातून परवा आलेलं नाही. मला विचाराल तर धरावं. मात्र धरलं नाही म्हणून मी कधी घरी बसले नाही. मोठ्या देवळात एक माणूस आला नाही तर कळत नाही. आमच्याकडे एक आलं नाही तर प्रार्थनेची पानं उलटावी लागतात, आणि एका बाईनं काम सोडलं तर पुढच्या साली येणारेच कमी होतात. लहान समाजात श्रद्धा किती, हे कुणी आधी विचारत नाही. येणार का आणि काय करणार, एवढंच विचारतात. श्रद्धा त्यातून रुजते, निदान माझी तरी तशीच रुजली.

आता ढवळायला नव्या पिढीतली एक सून येते. तिला मी पुढचा हिशेब देऊन ठेवलाय. ५७८७ साल लागतं २०२६ च्या ११ सप्टेंबरला, शुक्रवारी सूर्यास्ताला, म्हणजे चूल त्याआधी बंद. गहू सोमवारी भिजवायचा, गुरुवारी वाटायचा, शुक्रवारी सकाळी हलवा. शनिवारी शब्बाथ, शोफार वाजणार नाही. तो वाजेल रविवारी, दुसऱ्या दिवशी. आणि दुसऱ्या दिवशीच माणसं कमी येतात, तेव्हा फोन शुक्रवारीच करून ठेवायचे.