दोन स्पीकर आणि एक खुर्ची

मोबाईल स्टीलच्या पातेल्यात उभा ठेवला की गाणं मोठं ऐकू येतं, ही युक्ती तुमच्यापैकी कितीतरी जणींना ठाऊक असेल. मीही अनेक वर्षं तेच करत आले. सकाळी कुकर लावायचा, कणीक भिजवायला घ्यायची, आणि ओट्याच्या कोपऱ्यात पातेल्यातून कुणीतरी गात असायचं. शिट्टी झाली की तेवढी ओळ बुडायची, मिक्सर लावला की सगळंच गाणं बुडायचं. पण चाललंय ना, मग झालं!

एक दिवस माझी लेक पातेल्याला कान लावून उभी राहिली. नुकतीच तबल्याच्या क्लासला जायला लागली होती. म्हणाली, "आई, ह्यात डग्गा कुठाय गं? नुसती टिकटिकच येतेय."

मी हात धुऊन कान लावला. खरंच की! तबला होता, डग्गा नव्हता. मोबाईलचा स्पीकर तो केवढासा, नखाएवढा. खर्जातल्या आवाजाला जेवढी हवा हलवावी लागते, तेवढी त्याला हलवताच येत नाही. म्हणजे इतकी वर्षं मी निम्मंच गाणं ऐकत होते, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आता सांगायला हरकत नाही, मला त्या दिवशी फार लागलं. माझं माहेर मिरजेचं. शाळेतून येताना सतारमेकर गल्लीत पाय आपोआप रेंगाळायचे. कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवत जवारी लावत बसलेले असायचे. आधी तार बोथट वाजायची, आणि दोरा नेमक्या जागी आला की एकदम उमलायची. अशा गावची मी मुलगी, आणि माझ्या मुलीला पातेल्यातलं गाणं ऐकवते!

मी एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. तासांप्रमाणे मानधन, तेही कधी येईल ते खरं. 2023 सालच्या दिवाळीनंतर रखडलेले पैसे एकदम हातात आले. रात्री जेवताना मी म्हटलं, "मला ह्या पैशांचे चांगले स्पीकर घ्यायचेत. जोडी."

पानावर क्षणभर शांतता. मग हे म्हणाले, "अगं, टीव्हीला आहेत की स्पीकर. मोबाईल आहे. त्यापेक्षा तो खडखडणारा मिक्सर तरी बदल." सासूबाई म्हणाल्या, "तुझे पैसे, तू बघ बाई." मैत्रिणींनो, ह्या वाक्याचा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको. मिक्सर घेतला असता तर 'तुझे पैसे' असं कुणी म्हटलं नसतं, कारण मिक्सर घराचा आणि गाणं माझं!

तरीही मी ठरवलं ते ठरवलं. मात्र बी.ए.ला मराठी घेतलेल्या बाईला त्यातलं काय कळणार? धाकटे भावजी उत्साहाने मदतीला धावले. "वहिनी, हजार वॅटचा घ्या, बिल्डिंग हलली पाहिजे." बिल्डिंग हलवायची मला मुळीच इच्छा नव्हती. म्हणून मग रोज दुपारी थोडं थोडं वाचू लागले, चार जाणत्यांना विचारलं, आणि जे कळलं ते तुम्हालाही सांगते. उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे वॅटच्या आकड्याला भुलू नका. खोक्यावर 'पीएमपीओ' असं लिहून जे हजारो वॅट छापतात, ते नुसते फुगवलेले. 'आरएमएस' लिहिलेला आकडा पाहावा. आणि वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला थोडासाच. आमच्यासारख्या दहा बाय तेराच्या हॉलमध्ये माणसासारखं ऐकायचं तर चाळीस-पन्नास वॅट पुरून उरतात.

दुसरं, स्पीकरला आवाज वाढवून देणारा ॲम्प्लिफायर लागतोच. काही स्पीकरच्या पोटातच तो असतो, त्यांना ॲक्टिव्ह म्हणतात. एक प्लग लावला की झालं. दुसऱ्या प्रकारात तो वेगळा घ्यावा लागतो, त्यांना पॅसिव्ह म्हणतात. पसारा थोडा वाढतो, पण पुढेमागे एक बिघडलं तर दुसरं टाकावं लागत नाही. आपण डबा आणि झाकण वेगवेगळं बदलतो ना, तसंच.

तिसरं, जोडीच का? एक मोठा ब्लूटूथ डबा का नको? तर आपल्याला कान दोन आहेत म्हणून. ॲलन ब्लुमलाइन नावाचे एक इंग्रज इंजिनियर होते. ते आपल्या होणाऱ्या पत्नीबरोबर सिनेमाला गेले होते, तेव्हा माणूस पडद्याच्या एका बाजूला आणि त्याचा आवाज भलतीकडून, हे त्यांना खटकलं, आणि 'ह्यावर मला उपाय सापडलाय' असं त्यांनी तिला सांगितलं, अशी आठवण सांगतात. 1931 साली त्यांनी स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. दुकानात स्टिरिओ तबकड्या मिळायला 1958 साल उजाडलं. डाव्या आणि उजव्या स्पीकरमधून किंचित वेगवेगळा आवाज आला की दोन्हींच्या मध्ये, जिथे काहीच नाही तिथे, गाणारा बसल्यासारखा वाटतो. एका डब्यातून ही गंमत येत नाही. दोन आवाजांमध्ये अंतरच नसतं, तर मधे बसायला जागा कुठून येणार?

एवढी शिदोरी घेऊन आम्ही दोघं बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात विजेच्या वस्तू घ्यायच्या तर पाय तिकडेच वळतात. तीन दुकानं पाहिली. एका दुकानातला विक्रेता सगळं यांच्याकडे बघून सांगत होता. प्रश्न मी विचारायची, उत्तर यांना मिळायचं. शेवटी हेच म्हणाले, "अहो, मला काय सांगता? घेणाऱ्या त्या आहेत." खरं सांगू? त्या एका वाक्यासाठी मी यांना मिक्सरचं बोलणं माफ करून टाकलं.

विक्रेत्याने धडधडणारं सिनेमातलं गाणं लावलं. अशा गाण्यावर कुठलाही स्पीकर दणदणीत वाटतो. मी माझ्या मोबाईलमध्ये तीन गोष्टी तयार ठेवल्या होत्या. एक, नुसता तंबोरा. दुसरं, तबल्यासह एक विलंबित ख्याल. आणि तिसरी, तुम्हाला हसू येईल, बातम्या वाचणाऱ्या बाईंचा आवाज. पण माणसाचा बोलता आवाज आपण जन्मापासून ऐकतो, तो जरा बिघडला की आपल्याला लगेच कळतं. घशाऐवजी पिंपातून बोलल्यासारखा आला, की समजावं, हा स्पीकर घरी न्यायचा नाही.

मी बसायला स्टूल मागितलं, तर विक्रेता गोंधळला. "मॅडम, बसून ऐकणार?" म्हटलं, "घरी काय उभ्याने ऐकू?" आणखी एक. दोन स्पीकरांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखाच ठेवायला सांगा. जो मोठ्याने वाजतो तो आपल्याला उगाचच चांगला वाटतो.

मोठ्या जोडीत डग्गा इतका घुमला की गाणाऱ्या बाई मागे गेल्या. मग एक लहान जोडी लावली, पाच इंची पडद्याची, पुस्तकांच्या कपाटात मावेल एवढी. आणि त्यातून तंबोरा सुरू झाला. मी डोळे मिटले. तारेखाली दोरा नेमक्या जागी आला होता! लहान स्पीकरमध्ये अगदी खालचा खर्ज कमी येतो, हे त्या दुकानदाराने आपणहून सांगितलं. पण डग्गा आपल्या जागी होता आणि आवाज माणसाचा होता. ॲम्प्लिफायर धरून साडेएकवीस हजार झाले. पैसे मोजताना हात थरथरला, खोटं कशाला सांगू?

आणि खरी फजिती पुढेच आहे. घरी आणून मीच तारा जोडल्या, शोकेसवर टीव्हीच्या दोन बाजूंना स्पीकर ठेवले, सगळ्यांना बोलावलं आणि गाणं लावलं. आवाज पोकळ! डग्गा नाहीच. गाणारी बाई कुठे बसली आहे तेच कळेना, नुसती खोलीभर पसरलेली. हे काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. सासूबाई हळूच म्हणाल्या, "पातेल्यात बरं येत होतं."

दोन रात्री मला झोप आली नाही. साडेएकवीस हजार! लेकीची वर्षाची फी झाली असती. आपल्यासाठी म्हणून आयुष्यात पहिल्यांदा काही घेतलं आणि तेही नासलं. आपल्याला कुणी सांगितलं होतं नसत्या फंदात पडायला? असं मन खात राहिलं.

तिसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. घरात कुणी नसताना मी विजेचं बटण बंद केलं, टॉर्च घेतला आणि मागच्या बाजूला डोकावले. उजव्या स्पीकरची लाल तार काळ्या खुंटीवर आणि काळी तार लाल खुंटीवर! मीच घाईत उलटी लावलेली. अशी चूक झाली की एक पडदा हवा पुढे ढकलतो तेव्हाच दुसरा मागे ओढतो, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. मी तारा सरळ केल्या. शोकेसवरून उतरवून दोन्ही स्पीकर दोन स्टुलांवर ठेवले, भिंतीपासून फूटभर पुढे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. कोपऱ्यात सारले तर आवाज घुमतो. फरशी उघडी असेल तर मधे सतरंजी टाका. टाळी वाजवून बघा, खणखणली तर खोलीला पडदे हवेत असं समजा.

चाचणीसाठी मी मुद्दाम 'गीतरामायणा'तलं जुनं ध्वनिमुद्रण लावलं. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं, तेव्हा सगळं मोनो होतं. दोन्ही स्पीकरमधून अगदी एकच आवाज. तो जर बरोबर मधोमध उभा राहिला तर जोडणी ठीक. आणि उभा राहिला! भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी, जिथे कुणीच नव्हतं तिथे बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, गात होते.

पण ही जादू सगळीकडून ऐकू येत नाही. दोन स्पीकरांमध्ये सहा फूट, आणि दोन्हींपासून सहा-सहा फुटांवर आपण, असा सारख्या बाजूंचा त्रिकोण झाला की त्याच्या टोकाशी खरा आवाज येतो. आमच्या हॉलमध्ये त्या टोकाशी वेताची खुर्ची होती. पूर्वी मामंजींची, आता यांची. तेवढ्यात सासूबाई भजनाहून आल्या. चपला काढता काढता दारातच थबकल्या. मी म्हटलं, "आई, इथे बसा ना." त्या संकोचल्या, मग टोकावर टेकल्या, मग मागे रेलल्या. मी मेथीची जुडी निवडायला त्यांच्यासमोर ठेवली, एरवी बसलं की त्यांना हाताला काम लागतंच. त्यांनी जुडी बाजूला सारली.

चार गाणी झाली. त्या उठल्या नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "हे सगळं मला पाठ आहे गं. पण लग्न झाल्यापासून बसून असं कधी ऐकलंच नव्हतं. स्वयंपाकघरातूनच ऐकायचं. तुझे सासरे ह्याच खुर्चीत बसून ऐकायचे, आणि मी आतून फोडणी घालायला थांबायची, आवाज होऊ नये म्हणून."

मी काय बोलणार? मेथीची जुडी उचलली आणि आत गेले. आणि मग माझ्याच लक्षात आलं, मीही परत ओट्यापाशीच येऊन उभी राहिले होते!

तेव्हापासून आमच्याकडे खुर्चीच्या पाळ्या आहेत. सोमवार-बुधवार सासूबाईंच्या, शनिवार-रविवार यांचे आणि लेकीचे. गुरुवारी मला तास नसतात, तो दिवस माझा. अर्धा तास, हात रिकामे. सुरुवातीला फार अवघड गेलं. बसलं की कुकर आठवायचा, वाळत घातलेले कपडे आठवायचे. आता जमायला लागलंय. यांचंही मिक्सरचं पालुपद थांबलंय, परवा वाटण लावताना गाणं सुरू झालं, तर हेच आतून ओरडले, "अगं, थांब जरा!"

तेव्हा मैत्रिणींनो, स्पीकर घ्यायचे असतील तर जरूर घ्या. कान तयार ठेवा, आपलं ओळखीचं गाणं बरोबर न्या, बसून ऐका, लाल तार लाल खुंटीवरच लावा. पडद्याला ओलं फडकं लावू नका, मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका. पण ह्या सगळ्याच्या आधी घरी एकदा टेप घेऊन सहा फूट मोजा, आणि त्या जागी खुर्ची कोणाची आहे ते बघा. तुमची नसेल तर स्पीकर आणण्याआधी तेवढं ठरवून घ्या.