वाड्याची घोडी

८ नोव्हेंबर, सुपे
बाजरी खुडून झाली, रानं मोकळी झाली, तसे मेंढपाळांचे वाडे पश्चिमेकडे निघालेत. सुप्याहून मोरगावच्या दिशेनं माळामाळानं चालत निघाले. वाटेत एका वाड्याचा तळ पडला होता आणि शेजारी घोड्या चरत होत्या. भीमथडीची ही जनावरं बुटकी, पण काटक.

कॅमेरा पिशवीतच ठेवून आधी तळावर गेले. पुरुष मेंढरांमागं रानात. तळ, बिऱ्हाड आणि घोड्या बायांच्या हाती. एका मावशींना विचारलं, "घोड्यांचे फोटो काढू का?"

"काढा की ताई. पण घोडी अन् शिंगराच्या मधी जाऊ नका. ती तांबडी लई तापट हाय."

९ नोव्हेंबर
किती जवळ जायचं, हे घोडीनं ठरवायचं. तिचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना असतात, त्यामुळं जवळजवळ ३५० अंशांचा मुलूख तिला दिसतो. दिसत नाही ते कपाळाच्या अगदी पुढ्यातलं आणि शेपटीमागचं. म्हणून मी खांद्याच्या बाजूनं, तिरकी, रमतगमत जाते. नाकासमोर सरळ चालून येणाऱ्या माणसाला ती बुजते.

बाकी सगळं कान सांगतात. कान माझ्याकडं वळला की थांबायचं. तोंड पुन्हा गवतात गेलं की एखादं पाऊल टाकायचं. दोन्ही कान मानेलगत मागं पडले की मुकाट्यानं परतायचं. फ्लॅश बंद, शटरचा आवाज बंद, २०० मिलिमीटरची लेन्स. लांबून काढल्यानं घोडी निवांत राहते आणि तिचा बांधाही खरा उमटतो. जवळून रुंद लेन्स लावली तर नाकाड मोठं आणि धड आखूड दिसतं.

आज तांबडीचा वरचा ओठ मनासारखा टिपता आला. राठ केसांनी चाचपत ती कुसळं बाजूला सारत होती आणि बुडख्यातलं हिरवं तेवढं खुडत होती.

१० नोव्हेंबर
दुपारी घोड्या उभ्यानंच डुलक्या घेत होत्या. मागचा एक पाय ढिला, खुराचं टोक जमिनीला टेकलेलं. पायांतले स्नायुबंध सांधे जागच्या जागी धरून ठेवतात, म्हणून घोड्याला असं झोपता येतं. गाढ झोपेसाठी मात्र त्याला आडवंच व्हावं लागतं. शिंगरू मातीत पसरलं होतं, तांबडी त्याच्याजवळ उभी होती. मी बांधाआडूनच दोन-तीन फोटो घेतले आणि निघाले. वाड्याला अजून घाट उतरून कोकणात जायचंय. ही झोप मोडण्याइतका कुठलाच फोटो मोलाचा नाही.

११ नोव्हेंबर
पहाटे तळ हलला. घोडीच्या पाठीवर आधी घोंगड्यांच्या घड्या, मग मेंढरं कोंडायची वाघर, भांडीकुंडी, धान्य. सगळ्यांवर कोंबड्या आणि नुकतंच जन्मलेलं कोकरू. मावशी दोर आवळायला लागल्या तशी तांबडीनं पोट फुगवलं. मावशी थांबल्या, तिच्या मानेवर थाप मारली, तिनं श्वास सोडल्यावर दोर पुन्हा आवळला. मला हवा होता तो फोटो हाच.

मराठ्यांच्या घोडदळात भीमथडी तट्टांचा लौकिक होता. आता कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं भीमथडीची देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. ते फार चांगलं झालं. पण ही घोडी आजवर टिकली ती वाड्याचं ओझं वाहत. गायरानं आक्रसली, जुन्या वाटांवर कुंपणं पडली, काही वाडे बिऱ्हाड टेम्पोत घालू लागले. घोडीला कामच उरलं नाही, तर तिला पोसणार कोण?

मावशींच्या भाच्याच्या फोनवर सगळे फोटो पाठवले आणि ते दाखवायला मावशींची परवानगीही घेतली. आता ते मोठे छापून या वाटेवरच्या ग्रामपंचायतींना दाखवायचे आहेत. गायरान कोणासाठी राखायचं, हे तिथल्या माणसांनी एकदा नीट पाहायला हवं.