दार आतून उघडे होते

सबबी ओळखण्यात शिक्षकाचा कान फार तयार असतो. वही घरी राहिली, पोट दुखत होते, पाहुणे आले. वर्षानुवर्षे ऐकून ऐकून मला सबब तिच्या पहिल्या शब्दावरूनच कळते, अशी माझी समजूत होती. आठवीतल्या एका मुलीने आणि शाळेतल्या एका जुन्या संगणकाने मिळून गेल्या हिवाळ्यात ती मोडून काढली.

हा संगणक आमच्या संगणकखोलीत रात्रंदिवस चालू असतो. सर्व्हर हे त्याचे भारदस्त नाव! धडे, प्रश्नसंच आणि उत्तरे लिहायची पाने त्याच्यावर ठेवलेली आहेत. आमच्या भागात दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळा लागला की परततात. आईबापांबरोबर काही मुलेही जातात. त्यांना कोपीत बसून वडिलांच्या फोनवर आपला धडा उघडता यावा, यासाठी हा सारा खटाटोप.

ही मुलगी अशीच गेली होती. पहिला आठवडाभर तिची उत्तरे नेमाने आली. मग कधी येत, कधी येत नसत. मी फोन केला.

"सर, पान कधी उघडतंय, कधी उघडतच न्हाई."

मी तिथल्या तिथे शाळेतल्या फोनवर पान उघडून पाहिले. लख्ख दिसत होते. "आम्हां सगळ्यांना दिसते, ते तुला एकटीलाच कसे दिसत नाही?" असे मी जरा टोचूनच विचारले. पलीकडे काही वेळ शांतता होती. मग "बरं सर" एवढेच आले. सबब पकडल्याचे समाधान त्या दिवशी मला पुरेपूर मिळाले, हे कबूल केलेच पाहिजे.

चार दिवसांनी तिच्या वडिलांच्या फोनवरून एक छायाचित्र आले. वहीचे मागचे पान होते ते. तारीख, वेळ आणि पुढे 'उघडले' किंवा 'नाही उघडले' अशा सतरा ओळी. मी विश्वास ठेवला नाही, म्हणून त्या पोरीने रोज पुरावा गोळा केला होता!

ते पान घेऊन मी आमच्या संगणकाच्या बाईंकडे गेलो. त्या एवढेच म्हणाल्या, "सर, तुमच्या फोनवरचे शाळेचे वायफाय बंद करा आणि आता पाहा." मी पाहिले. पान उघडेना. म्हणजे इतके दिवस मी घरात बसून दाराची कडी तपासत होतो!

मग आमच्या शिपाईमामांनी तारखा पाहून सांगितले, "या प्रत्येक 'नाही'च्या आधी लाइट गेली होती." आणि सारा उलगडा झाला.

वाचकहो, जुन्या वाड्याची कल्पना करा. रस्त्यावरून वाड्याला क्रमांक एकच. आत बिऱ्हाडे पुष्कळ. इंटरनेटचेही तसेच आहे. त्याचे जुन्या पद्धतीचे पत्ते एकंदर ४२९ कोटींच्या आसपास, आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. म्हणून शाळेला बाहेरचा पत्ता एकच मिळतो आणि आतली यंत्रे १९२.१६८ ने सुरू होणारे घरगुती क्रमांक वापरतात. दारावर राऊटर नावाची पेटी असते. बाहेरून कोणी ४४३ क्रमांकाच्या दाराशी आले, तर त्याला आत ५ क्रमांकाच्या बिऱ्हाडी पोचव, असे आमच्या पेटीला सांगून ठेवलेले होते.

पण वीज जाऊन आली की पेटी मागची वाटणी विसरे आणि क्रमांक नव्याने वाटी. जुना संगणक उठायला वेळ लावी. तेवढ्यात कार्यालयातला प्रिंटर जागा होऊन ५ क्रमांक पटकावून बसे. मग ती मुलगी शंभर कोसांवरून प्रिंटरचे दार ठोठावी, आणि प्रिंटर कसला ओ देतो! शाळेत आम्ही संगणकाला त्याच्या नावाने हाक मारीत असू, म्हणून तो कुठल्याही क्रमांकावर असला तरी आम्हांला सापडे.

उपाय एका ओळीचा निघाला. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच बारा अक्षरी ओळखक्रमांक मिळालेला असतो. बाईंनी तो पेटीत लिहिला आणि ५ क्रमांक त्या संगणकासाठी कायमचा राखून ठेवला. नंतर मुद्दाम मेन स्विच पाडून, पुन्हा चालू करून, फाटकाबाहेर उभे राहून आम्ही तीनदा खात्री केली.

संध्याकाळी मी तिला फोन केला. "चूक आमची होती, बाळ. तू खरे सांगत होतीस."

ती म्हणाली, "असू द्या सर. मला वाटलं, आमचाच फोन जुना हाय."

माझ्या रागावण्यापेक्षा हे वाक्य मला अधिक लागले. दार आमचे बंद होते, आणि दोष ती स्वतःच्या दारिद्र्याला देत होती.

हा अंक तुमच्या घरी फराळाच्या ताटाशेजारी असेल, तेव्हा ती पुन्हा कुठल्याशा फडावर गेलेली असेल. संगणकाला आम्ही कायमचा पत्ता देऊ शकलो. तिला तो देणे आमच्या हाती नाही. आमच्या हाती आहे तेवढे मी करतो. रोज शाळा सुटली की फाटकाबाहेर पडतो, वायफाय बंद करतो आणि तिच्यासारखा बाहेरून एकदा दार लोटून पाहतो.