काम कुणाच्या हाती दिलं?

बीड जिल्ह्यातल्या धारूरमध्ये राहून ख्रिस्ती पुढारीपणाचा विचार करायचा, तर दसऱ्यानंतरचे महिने डोळ्यांआड करता येत नाहीत. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि बालाघाटातल्या वाड्या-वस्त्यांवर म्हातारी माणसं नि पोरं उरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी इथली मोजणी. ज्यांची सेवा करायची ती माणसंच अर्धं वर्ष जिल्ह्याबाहेर असतील, तर एका जागी बसलेला पाळक, डॉक्टर किंवा मास्तर कितीही तळमळीचा असला तरी पुरा पडत नाही. इथे राहून माझं मत पक्कं झालं आहे ते असं: सेवक म्हणवणारा पुढारी स्वतः किती राबला यापेक्षा आपलं काम त्याने कुणाच्या हाती दिलं, हे आधी विचारावं.

शुभवर्तमानात हे उघड दिसतं. योहानाच्या 13व्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, एवढंच आपण उपदेशात ऐकतो आणि भारावून जातो. पण लगेच तो तेच काम त्यांनी एकमेकांसाठी करावं असं सांगतो. म्हणजे सेवा तिथे शिकवलीही गेली. याचा आपल्या भागातला सगळ्यात ठसठशीत पुरावा शेजारीच, जामखेडला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य 1970 साली तिथे आलं. सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्सबाई खेड्यात पाठवल्या, पण ते जमेना. मग गावांनीच आपल्यातली एकेक बाई निवडून दिली. बऱ्याच जणी निरक्षर, कित्येक दलित. त्या दर आठवड्याला जामखेडला येत. हगवण लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं, बाळंतपणाआधी हात का धुवायचे, नाळ कापायचं पातं का उकळायचं, हे शिकत. रात्री निरनिराळ्या जातींच्या बाया एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपत. मला ते पांघरूण शिकवणीइतकंच मोलाचं वाटतं, कारण शिवाशिव न सोडता गावात सेवा होणंच शक्य नव्हतं. आरोळ्यांच्या या आरोग्य प्रकल्पाच्या गावांत हजारी 176 असलेला बालमृत्युदर पुढे विशीत उतरला. या बायांपैकी मुक्ताबाई पोळ 1988 साली वॉशिंग्टनमधल्या एका सभेत बोलल्या. डॉक्टर सभागृहातल्या झुंबरासारखे, आणि आम्ही एकीवरून दुसरी लावता येणाऱ्या पणत्या, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हे एखाद्या पाहुण्याने केलेलं कौतुक नव्हतं. शिकून पुढे शिकवणारी बाईच ते सांगत होती.

याउलट रेव्हरंड ना. वा. टिळकांकडे पाहावं. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत म्हणून त्यांनी 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ सुरू केला. विचार काळाच्या पुढचा होता, पण सारा भार त्यांच्या एकट्याच्या व्यक्तिमत्त्वावर. 1919 मध्ये ते गेले आणि दरबारही फार टिकला नाही. त्यांची भजनं मात्र आजही मराठी मंडळ्यांत गायली जातात, कारण ती लोकांच्या तोंडी बसली होती आणि ती गायला टिळक हजर असण्याची गरज नव्हती.

अर्धवट तयार माणसाच्या हाती काम दिलं तर ते बिघडेल, हा आक्षेप मंडळीतल्या वडीलजनांकडून नेहमी येतो, आणि तो खोटा नाही. पण लूकच्या 9व्या अध्यायात येशू बारा जणांना गावोगाव धाडतो आणि त्याच अध्यायात पुढे ते आपल्यात मोठा कोण यावरून वाद घालतात. म्हणजे पुरतं तयार होण्याची वाट त्याने पाहिली नव्हती; पण धाडल्यावर सोडूनही दिलं नव्हतं. जामखेडलाही बायांच्या कामाला मर्यादा होती, पाठीशी दवाखाना होता आणि दर आठवड्याची उजळणी होती. आपण काम सोपवतो आणि पाठ फिरवतो, किंवा सोपवतच नाही; चूक तिथे आहे.

दुसरा आक्षेप बाहेरून येतो: शिष्य घडवणं म्हणजे धर्मांतरच ना? आरोळ्यांच्या बहुतेक आरोग्यसेविका हिंदूच राहिल्या आणि त्या कामासाठी धर्म बदलण्याची अट कधी नव्हती. मग यात ख्रिस्ती काय, असं आपलेच लोक विचारतात. ज्ञान स्वतःपाशी ठेवलं तर मान आणि पैसा दोन्ही मिळत असताना ते गावाने खालच्या मानलेल्या बाईच्या हाती द्यायचं, हे मला पाय धुण्याइतकंच ख्रिस्ती वाटतं.

आणि या जिल्ह्याला त्याची किती निकड आहे, हे 2019 मध्ये सरकारी समितीच्या पाहणीने दाखवलं. ऊसतोडीच्या 82 हजारांहून अधिक बायांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. अंगावरून पाणी जातंय म्हणून गेलेल्या बाईला पिशवी काढण्याआधी दुसरे उपचार असतात, हे फडावर तिच्या शेजारी कोयता चालवणाऱ्या बाईनेच सांगायला हवं. तिथे ना पाळक असतो ना डॉक्टर. म्हणून मंडळ्यांना माझं सांगणं आहे: पावसाळ्यात, टोळ्या गावात असताना, प्रत्येक टोळीतली एक बाई तिच्याच माणसांकडून निवडून घ्यावी, मग ती कुठल्याही धर्माची असो, आणि तिला शिकवून फडावर पाठवावं. ती परत येईल तेव्हा तिला काय विचारलं गेलं आणि काय सांगता आलं नाही, हे ऐकून घ्यावं आणि पुढच्या वर्षीची शिकवणी तिथून सुरू करावी.