सरकी आपली, ढेप विकतची

कापूस विकून परतताना गाडीत काय काय येते, ते एकदा आठवून पाहा. लेकरांना कापड, थोडा किराणा आणि गुरांसाठी सरकीच्या ढेपेचे एखादे पोते. म्हणजे सकाळी जे आपल्याच गाडीतून गेले, त्यातलेच थोडे संध्याकाळी दाम मोजून परत आले! आमची आई म्हणायची, "आपुन सरकी देऊन टाकतो अन् ढेप इकत आनतो."

कापूस हे पीक एक, पण त्यात माल दोन. जिनिंगमध्ये शंभर किलो कापसातून साधारण 34 किलो रुई निघते आणि 63-64 किलो सरकी. बाकी कचरा आणि घट. रुईच्या 170 किलोच्या गाठी बांधून सूतगिरणीला जातात. सरकी तेलाच्या घाण्याला जाते. न सोललेल्या सरकीतून शंभर किलोमागे दहा-बारा किलो तेल मिळते आणि उरते ती बहुतेक ढेप. सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंचा कागदासाठी लगदा होतो. आपण पऱ्हाटी चुलीत घालतो किंवा बांधावर पेटवतो; तिच्यापासून पार्टिकल बोर्डाच्या फळ्या करण्याची रीत मुंबईला माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने बसवून दाखवली आहे.

कारखानदारांनी कापसाची ही किंमत फार आधी ओळखली. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी एम्प्रेस मिल सुरू केली ती मुंबईत नव्हे, नागपुरात. कारण कापूस इकडे पिकत होता. गिरणी कापसाजवळ आली खरी, पण कापूस पिकवणारा तिच्या फाटकाबाहेरच राहिला.

ऊसवाल्यांचे पाहा. 1950 च्या सुमारास प्रवरेच्या खोऱ्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाने शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना उभा राहिला. उसापुढेही अडचणी पुष्कळ आहेत. पण उसाचा किमान दर साखरेच्या उताऱ्याशी बांधलेला असतो, आणि उतारा हा शब्द तिकडच्या शेतकऱ्याला पाठ असतो. आपल्याकडे 1972 साली एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. तिच्यात गाठी विकल्यावर शेतकऱ्याला पुढचे पैसे मिळण्याची सोय होती. पुढे तोटा वाढत गेला आणि या शतकाच्या सुरुवातीला तो एकाधिकार संपला. तेव्हापासून कापूस वजनावर आणि नजरेवर विकला जातो. व्यापारी मुठीत कापूस दाबून ओलावा पाहतो, तंतू ओढून लांबी पाहतो आणि मनातल्या मनात रुईचा उतारा ताडतो. त्याला आकडा ठाऊक असतो, आपल्याला नसतो.

गेल्या हंगामात आम्ही घरीच हा आकडा काढला. पहिल्या वेचणीचा एक किलो आणि फरदडीचा एक किलो, दोन्ही चांगले वाळवलेले, वेगवेगळे तोलून घेतले. दोन रात्री घरातली चार माणसे बसून बोटांनी सरकी काढत होती. पहिल्या वेचणीत 350 ग्रॅम रुई भरली, फरदडीत 310. फरक 40 ग्रॅमचा. तुम्ही म्हणाल, एवढ्याशासाठी कशाला? पण गाठीचा हिशेब करा. पहिल्या कापसाच्या एका गाठीला 486 किलो कापूस लागेल, दुसऱ्याच्या गाठीला 548 किलो. एका गाठीमागे 62 किलोंचा फरक!

दोन्ही ढीग वेगळे घेऊन बाजारात गेलो. पहिल्या व्यापाऱ्याने दोन्हींना एकच भाव सांगितला. दुसऱ्या ठिकाणी उताऱ्याची चिठ्ठी पुढे केली, तेव्हा चांगल्या ढिगाला थोडे वाढवून मिळाले. फार नाही. पण भाव ठरताना आपल्यालाही काही बोलता आले.

यंदा आमच्या गावची आठ घरे एकत्र कापूस नेऊन मजुरीवर जिनिंग करून घेणार आहेत. रुई विकायची आणि सरकी गावात परत आणायची. बायकांनी आधीच सांगून ठेवले आहे की गुरांपुरती सरकी कोणी विकायची नाही. यात धोका नाही असे नाही. गाठ विकेपर्यंत पैसा अडकतो आणि तेवढ्यात भाव पडूही शकतो. ज्याच्या दारात सावकार उभा आहे किंवा मुलीचे लग्न ठरले आहे, त्याला थांबणे जमत नाही. म्हणून आम्ही ठरवले आहे की प्रत्येकाने निम्माच कापूस यात घालावा. निम्मा नेहमीसारखा विकून घर चालवावे.

तुम्हाला एवढे जमणार नसेल, तरी दोन गोष्टींना पैसा लागत नाही. वेचणीचा कापूस वेगवेगळा ठेवा आणि विकण्याआधी घरी एक किलोचा उतारा काढा. मिळालेला आकडा दारामागच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी कोणते वाण घ्यायचे, हे ठरवतानाही तो उपयोगी पडेल.