मुख्यालय कुणाच्या गावात?

आज पुन्हा शार्लटच्या त्या ४७ मजली मनोऱ्याचा विचार करत बसलो. २०१९मध्ये बीबी अँड टी आणि सनट्रस्ट या बँका एक झाल्या, ट्रुइस्ट जन्मली आणि तिचं मुख्यालय शार्लटच्या भर मध्यवस्तीत, त्याच मनोऱ्यात आलं. शहर खूश, साहजिकच. माझा जीव मात्र विन्स्टन-सेलममध्ये अडकला. २००१च्या विलीनीकरणात वाकोव्हिया बँक तिथून शार्लटलाच गेली, आता बीबी अँड टीही. (तीही मूळची विल्सन गावची, १८७२ची, १९९५मध्ये विलीन होऊनच विन्स्टन-सेलमला आलेली. तेव्हा विल्सनला काय वाटलं असेल!) सनट्रस्टच्या अटलांटाचं एवढं वाईट वाटत नाही, तिथे कोका-कोला आहे, डेल्टा आहे. कम्युनिटी बँकिंगचा कारभार विन्स्टन-सेलममध्येच ठेवू, असं जाहीर झालं होतं. पण निर्णय घेणारी केबिन शार्लटला, आणि माझ्या लेखी तेवढंच खरं.